हिरोशिमा : 'आपण'मध्ये कोण कोण? पाच दिवसांचा फेरा

४ ऑगस्ट

शिन-ओसाकाहून नोझोमी शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, दीड तासाच्या आत हिरोशिमाला सोडते. ६ ऑगस्टच्या आसपासची हॉटेलं काही महिने आधीच भरतात. गावात खोली मिळाली नाही तर लोकल गाडीच्या वाटेवरच्या गावांत बघावी, पण ६ तारखेला पहाटे स्मृतिसोहळ्यासाठी शांती स्मृती उद्यानात पोचायचं आहे हे ध्यानात ठेवूनच.

जुन्या गाईडबुकातलं ट्राम स्टॉपचं वर्णन आता विसरायचं. ऑगस्ट २०२५ पासून ट्राम थेट स्टेशनच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर येते. २ किंवा ६ नंबरची ट्राम धरून 'गेन्बाकु डोम-माए' (अणुबॉम्ब-घुमटासमोर) या स्टॉपवर उतरायचं. भाडं सरसकट २४० येन, तेही उतरताना. ही ट्राम म्हणजे नुसती सोय नव्हे. ६ ऑगस्ट १९४५ ला सकाळी सव्वाआठ वाजता बॉम्ब पडला आणि ९ ऑगस्टला एका छोट्या टप्प्यावर ट्राम पुन्हा धावली. त्या दिवसातून वाचलेल्या डब्यांपैकी ६५१ आणि ६५२ क्रमांकाचे अजून रुळावर आहेत. त्यांची वाट बघत बसू नये, समोर आले तर चढावं.

स्टॉपवर उतरलं की समोर तो घुमट. जान लेत्सेल या चेक वास्तुरचनाकाराने १९१५ साली बांधलेली ही व्यापार-प्रदर्शनाची इमारत. घुमटापाशी फोटो काढून लोक थेट उद्यानाकडे वळतात. त्याआधी पूर्वेला पाच मिनिटं चालून शिमा हॉस्पिटलच्या भिंतीजवळची छोटी पाटी बघावी. बॉम्ब फुटला तो याच्या डोक्यावर, सुमारे ६०० मीटर उंचीवर. निशाणा होता जवळचा इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा आइओइ पूल. हॉस्पिटल आजही चालू आहे, तेव्हा दारात गर्दी करू नये.

संध्याकाळ राखून ठेवायची ती उद्यानातल्या स्मृतिचिन्हासाठी. केन्झो तांगेच्या आराखड्यातली ही काँक्रीटची कमान ६ ऑगस्ट १९५२ ला उघडली. कमानीखाली दगडी पेटी, पेटीत मृतांच्या नावांच्या वह्या. दरवर्षी त्यात नव्या नावांची भर पडते, आता ती साडेतीन लाखांच्या जवळ पोचली आहेत. पेटीसमोर उभं राहिलं की कमानीच्या पोकळीतून मागची शांतिज्योत आणि त्यामागे घुमट, असं सरळ एका रेषेत दिसतं. पेटीवर कोरलंय : 'यासुराकानि नेमुत्ते कुदासाइ, आयामाचि वा कुरिकाएशिमासेनु कारा.' शांत निजा, पुन्हा चूक करणार नाही.

कोण करणार नाही? जपानी वाक्यात कर्ताच नाही. मराठी वाचकाला इथे एक फायदा आहे. 'करणार नाही' हे आपल्याकडेही कर्त्याशिवाय चालतं. 'मी' बसतो, 'आम्ही' बसतो, 'आपण' बसतं. 'ते' मात्र बसत नाहीत, त्यांच्यासाठी 'नाहीत' म्हणावं लागतं.

याच ओळीवर १९५२ च्या नोव्हेंबरमध्ये एका भारतीयाने बोट ठेवलं. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या टोकियो खटल्यात सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवणारे न्यायमूर्ती राधाबिनोद पाल हिरोशिमाला आले होते. बॉम्ब टाकणारे हात जपान्यांचे नव्हते, मग चूक कबूल करतंय कोण, असा त्यांचा सवाल. ही ओळ लिहिणारे हिरोशिमा विद्यापीठाचे प्राध्यापक तादायोशी साइका यांनी त्यांना पत्राने उत्तर दिलं : हिरोशिमाचा नागरिक म्हणून बोलणारे आम्ही, ते सगळ्या मानवजातीच्या वतीने. पालांनी वाचलं 'आम्ही', साइकांना म्हणायचं होतं 'आपण'. इंग्रजी भाषांतरात हा फरक दाखवायला शब्दच नाही. १९८३ मध्ये शहराने शेजारी खुलाशाची पाटी लावली. वाद तरी संपला नाही. जुलै २००५ मध्ये एका माणसाने छिन्नीने 'चूक' हा शब्दच खरवडला. दगड दुरुस्त झाला, शब्द आहे तिथेच आहे.

सूड न घेण्याचा निर्णय या शहराने एकदाच घेतला आणि काम संपलं, असं झालेलं नाही. त्या 'आपण'मध्ये कोणाकोणाला घ्यायचं यावर पुढची कित्येक दशकं गेली. पुढचे चार दिवस तेच बघायचं आहे.

५ ऑगस्ट

शांती स्मृती संग्रहालय सकाळी साडेसातला उघडतं. पहिल्या तासाचं तिकीट ऑनलाइन वेळ ठरवून घ्यावं लागतं, आणि ते घ्यावंच. दहानंतर मुख्य इमारतीतल्या अरुंद वाटेवर नुसती रांग सरकते. मोठ्यांना २०० येन, म्हणजे पैशाचा प्रश्न नाही, प्रश्न वेळेचा आहे. किमान अडीच तास धरावेत. नेहमी होणारी चूक अशी : सुरुवातीच्या गोल प्रतिकृतीवर शहर पेटताना दिसतं, तिथे लोक वीस मिनिटं खिळतात, मग मुख्य इमारतीत दमतात आणि शेवटी परत पूर्व इमारतीत आल्यावर दुसऱ्या मजल्यावरचा भाग न बघताच खाली उतरतात. तो भाग म्हणजे बॉम्बआधीचं लष्करी हिरोशिमा आणि नंतरची उभारणी. तो सोडला तर बाकीचं अर्धवट कळतं.

मुख्य इमारतीत पूर्वी भाजलेल्या माणसांचे पुतळे होते. २०१७ मध्ये ते काढले आणि २०१९ पासून भर दिला तो खऱ्या वस्तूंवर : तीन वर्षांच्या मुलाची तीनचाकी सायकल, कोळसा झालेल्या जेवणाचा डबा, बँकेच्या पायरीवर उरलेली माणसाची सावली. पुतळे हवेत की नकोत यावर गावात बराच वाद झाला. पुतळे बघून मुलं घाबरत असत, डबा बघून गप्प होतात. बदल योग्यच होता.

कपडे बरेचसे शाळकरी मुलांचे आहेत, आणि त्यामागे कारण आहे. हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून घरं पाडून मोकळे पट्टे करायचं काम चालू होतं आणि त्यावर बारा-तेरा वर्षांची हजारो मुलं जुंपली होती. सकाळी सव्वाआठला ती उघड्यावर होती. १९४५ संपेपर्यंत शहरात सुमारे १ लाख ४० हजार माणसं गेली, हा शहराचाच अंदाज. नेमका आकडा कधीच मिळणार नाही, कारण मोजणारे आणि नोंदवह्या दोन्ही जळाले.

दुपारी 'देन्शोशा'चं भाषण ऐकावं. हिबाकुशा, म्हणजे त्या दिवसातून वाचलेले, आता देशभरात मिळून एक लाखाहून कमी उरले आहेत आणि त्यांचं सरासरी वय ८६ च्या पुढे आहे. म्हणून २०१२ पासून शहर पुढच्या पिढीतल्या माणसांना तयार करतंय. एखाद्या हिबाकुशाजवळ बसून त्याची हकिगत शिकायची, तपासून घ्यायची, मग सांगायची. या तयारीत दोन-तीन वर्षं जातात. भाषण फुकट असतं, इंग्रजी सत्रंही असतात. टाळ्यांची घाई नको आणि 'तुम्हाला अमेरिकेचा राग येत नाही का' हा प्रश्न पहिलाच नको. तो रोज विचारला जातो.

उत्तर द्यायचंच तर कोको कोन्दो यांचं उदाहरण बोलकं आहे. बॉम्ब पडला तेव्हा त्या आठ महिन्यांच्या होत्या. वडील कियोशी तानिमोतो मेथडिस्ट पाद्री. त्यांच्या चर्चमध्ये येणाऱ्या भाजलेल्या मुली बघत ही मुलगी वाढली आणि बॉम्ब टाकणाऱ्यांना एक दिवस मारायचंच, असं तिने ठरवून टाकलं. १९५५ मध्ये, दहा वर्षांची असताना, अमेरिकेतल्या एका टीव्ही कार्यक्रमात तिच्या समोर उभा केला तो बॉम्ब टाकणाऱ्या एनोला गे विमानाचा सहवैमानिक रॉबर्ट लुइस. ती त्याच्याकडे डोळे वटारून बघत राहिली. त्याने वरून शहर नाहीसं झालेलं पाहिलं तो क्षण सांगितला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने जाऊन त्याचा हात धरला. ही हकिगत त्या स्वतः जाहीरपणे सांगत आल्या आहेत. त्यात 'क्षमा' या शब्दापेक्षा, आपण ज्याला राक्षस समजत होतो तो माणूस निघाला, या गोंधळाला जास्त जागा आहे.

रात्री ओकोनोमियाकी. पातळ धिरडं, त्यावर कोबीचा डोंगर, नूडल्स, अंडं. युद्धानंतर तांदळाची टंचाई आणि मदतीत आलेला अमेरिकी गहू, यातून हिरोशिमाचं हे रूप फोफावलं. शाकाहारी माणसाने 'निकु नाशी' म्हटलं की डुकराचं मांस टळतं, पण वर भुरभुरलेली सुक्या माशाची पूड आणि सॉसमधला मांसाचा अर्क टळत नाही. पूड नको हे आधी सांगावं, सॉसचं बघायचं की सोडायचं हे आपल्या नेमावर.

६ ऑगस्ट

अलीकडे पहाटे ५ ते ९ उद्यानात जायला बंधन असतं : दारांवर पिशव्या तपासतात, फलक आणि कर्णे आत नेता येत नाहीत. साडेसहापर्यंत आत असावं. टोपी, पाण्याची बाटली, छोटा पंखा. सात वाजताच घामाने अंग चिंब होतं. मागे बसलेल्यांना दिसत नाही म्हणून कार्यक्रम सुरू झाल्यावर छत्री मिटायची.

आठला सुरुवात. पहिलं काम भाषण नव्हे. वर्षभरात गेलेल्यांच्या आणि नव्याने कळलेल्या नावांची वही पेटीत ठेवतात. मग फुलं. ८:१५ ला घंटा, एक मिनिट स्तब्धता. त्या मिनिटात झाडांवरच्या रातकिड्यांसारख्या 'सेमी' कीटकांचा आवाज कान भरून टाकतो. मग महापौरांचं शांती घोषणापत्र, कबुतरं, सहावीतल्या दोन मुलांची प्रतिज्ञा, पंतप्रधान. पाऊण तासात आटोपतं. पंतप्रधान बोलत असताना लांबून घोषणांचा आवाज येण्याची शक्यता धरून चालावी. त्यावरून वाद होऊन २०२१ मध्ये शहराच्या नियमांत सोहळा गंभीरपणे व्हावा असं कलम आलं. शांततेच्या दिवशी शांत कोणी बसायचं, हा वाद हिरोशिमात जुना आहे. १९५० मध्ये कोरियन युद्ध पेटल्यावर सोहळाच रद्द करावा लागला होता.

घोषणापत्राची सुरुवात १९४७ ची, महापौर शिन्झो हामाइ यांची. हा माणूस बॉम्ब पडला तेव्हा महापालिकेच्या रेशन वाटपाच्या खात्यावर होता. म्हणजे त्याचा पहिला प्रश्न शांतता नव्हता, तांदूळ होता. १९४७ ला निवडून आला तेव्हा शहराच्या तिजोरीत काही नव्हतं. गावातली मोठी मोक्याची जमीन लष्कराची, म्हणजे आता सरकारची. यातून निघाला १९४९ चा 'हिरोशिमा शांती स्मृती शहर बांधणी कायदा'. तो एकाच शहरासाठीचा असल्याने जपानी राज्यघटनेच्या ९५ व्या कलमाप्रमाणे सार्वमत घ्यावं लागलं. ७ जुलैला मतदान झालं, नव्वद टक्क्यांहून जास्त लोक बाजूने, आणि ६ ऑगस्टला कायदा लागू. त्यामुळे सरकारी जमीन फुकट मिळण्याची वाट उघडली आणि मदत वाढली. 'शांती' हा शब्द त्या कायद्यात आदर्श म्हणून आहे तसाच जमिनीच्या हस्तांतरणाचं कारण म्हणूनही आहे. यात कोणाला ढोंग दिसेल. आम्हाला शहाणपण दिसतं. रागावलेल्या, उपाशी गावाला दिशा द्यायची तर शब्दाबरोबर नळ, रस्ता, घर द्यावं लागतं.

राग गेला कुठे, याचं दुसरं उत्तर हिदान्क्यो. हिबाकुशांची ही देशव्यापी संघटना १० ऑगस्ट १९५६ ला नागासाकीत स्थापन झाली आणि २०२४ चं नोबेल शांतता पारितोषिक तिला मिळालं. बातम्यांत जास्त आली ती अण्वस्त्रबंदीची मागणी. तिची दुसरी मागणी तितकीच जुनी आहे : युद्ध सुरू करणाऱ्या आपल्याच सरकारने भरपाई द्यावी. १९५७ मध्ये वैद्यकीय मदतीचा कायदा झाला, पण मृतांसाठीची भरपाई सरकारने मान्य केली नाही. सूड नको, हिशेब मात्र हवा, अशी ही भूमिका आहे, आणि तो हिशेब वॉशिंग्टनइतकाच टोकियोकडेही मागितलेला आहे.

संध्याकाळी मोतोयासु नदीवर कंदील सोडतात. रंगीत कागद घ्यायचा, त्यावर नाव किंवा दोन शब्द लिहायचे, लाकडी चौकटीला गुंडाळायचा, मेणबत्ती लावून काठावरून पाण्यावर ठेवायचा. कागद ओला झाला की शाई पसरते, म्हणून ठळक आणि कमी लिहावं. रांग लांब असते. कोकणातल्या माणसाला एक गोष्ट लगेच कळेल : ही खाडीची नदी आहे, भरती-ओहोटी इथवर येते. भरती चालू असेल तर कंदील समुद्राकडे न जाता उलटे वर सरकतात.

७ ऑगस्ट

गर्दी ओसरते, उद्यान आपलं होतं. आज 'आपण'च्या कडा बघायच्या.

वायव्येला कासवाच्या पाठीवर उभा कोरियन मृतांचा स्तंभ. युद्धकाळात हिरोशिमात हजारो कोरियन होते, पुष्कळसे सक्तीने आणलेले. १९७० मध्ये स्तंभ उभा राहिला, पण उद्यानाच्या हद्दीबाहेर, नदीपलीकडे. तो आत यायला १९९९ उजाडलं. मधली २९ वर्षं शहराच्या 'आपण'ची हद्द कुठे होती हे त्या शंभर-दोनशे मीटरांत मोजता येतं. पुलावरून ते अंतर चालून बघावं.

स्मृतिचिन्हाच्या कमानीची एक हकिगत अशीच. तिचा आराखडा आधी इसामू नोगुचीने केला होता. वडील जपानी, आई अमेरिकन. तो आराखडा नाकारला गेला, त्याचं अमेरिकी असणं आड आलं. त्याने केलेले दोन पुलांचे कठडे मात्र १९५२ पासून आहेत, शंभर मीटर रुंद शांती मार्गावर. एका कठड्याची टोकं उगवत्या सूर्यासारखी, दुसऱ्याची नावेच्या कण्यासारखी.

आणि अमेरिकी मृत? तेही होते. पाडलेल्या विमानांतले बारा अमेरिकी कैदी हिरोशिमात होते आणि आपल्याच देशाच्या बॉम्बने मेले. शिगेआकी मोरी या हिबाकुशाने नोकरी सांभाळून कित्येक वर्षं त्यांची नावं शोधली, अमेरिकेतल्या कुटुंबांना पत्रं लिहिली आणि कैद्यांना ठेवलेल्या जागी पाटी लावली. २७ मे २०१६ ला बराक ओबामांनी मिठी मारली ते हेच मोरी.

मुलांच्या स्मारकापाशी कागदी सारस. सादाको सासाकी बॉम्बच्या वेळी दोन वर्षांची होती, २५ ऑक्टोबर १९५५ ला बाराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेली. बरं वाटावं म्हणून ती कागदी सारस घडवत होती. हजार सारस पुरे व्हायच्या आत गेली ही प्रचलित गोष्ट चुकीची, हजार तिने ओलांडले होते असं घरचे सांगतात. आपल्याकडून माळ न्यायची असेल तर साडेसात सेंटिमीटरचा चौकोनी कागद घ्यावा. चाळीस सारसांची एक माळ, अशा पंचवीस माळा म्हणजे हजार. दोरा तुटतो तो तळाशी, सगळं वजन गाठीवर येतं म्हणून. खालच्या सारसाखाली मणी किंवा पुठ्ठ्याचा तुकडा ओवावा. वर सगळ्या माळा एका कडीत घेतल्या की टांगायला सोपं. दरवर्षी सुमारे एक कोटी सारस येतात, वजन दहा टन. २००३ मध्ये एका विद्यार्थ्याने लाखाहून जास्त सारस जाळले. शहराने सारस ठेवणं थांबवलं नाही. जुने सारस आता लगदा करून कागदासाठीही देतात.

मोतोयासु नदीच्या काठी गांधीजींचा अर्धपुतळा आहे, मे २०२३ मध्ये बसवलेला. शिल्पकार राम सुतार, धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे. मराठी माणूस इथे थांबून फोटो काढणारच. पण दुपारी फुकुरोमाची शाळेचं छोटं संग्रहालय चुकवू नये. बॉम्बनंतर इथे दवाखाना झाला आणि काजळलेल्या भिंतींवर लोकांनी खडूने निरोप लिहिले : अमुक इथे आहे, तमुक सापडत नाही. पुढे त्यावर गिलावा झाला, १९९९ मध्ये तो काढताना अक्षरं पुन्हा निघाली. प्रवेश फुकट.

उतरत्या उन्हात किल्ला. मनोऱ्याचं सोडा, तो १९५८ चा. बाजूच्या गवतातले दगडी पायथे बघा. १८९४ मध्ये चीनशी युद्ध झालं तेव्हा सम्राट मेइजीचं युद्ध मुख्यालय इथे होतं, संसदसुद्धा याच गावात भरली. उजिना बंदरातून पलटणी चीनला जात. या गावाने युद्ध फक्त सोसलं नाही, पाठवलंही. महापौर ताकाशी हिराओका यांनी १९९१ च्या घोषणापत्रात आशियातल्या लोकांची माफी मागितली, तेव्हा त्यामागे हा इतिहासही होता.

८ ऑगस्ट

शिनकानसेनने मिहारा, तिथून कुरे मार्गाची लोकल धरून तादानोउमी. लोकल साधारण तासाला एक, वेळापत्रक आधी बघा. स्टेशनपासून धक्का चालत सात-आठ मिनिटं, बोट पंधरा मिनिटं. बेट ओकुनोशिमा, घेर जेमतेम चार किलोमीटर.

लोक इथे सशांसाठी येतात. माती उकरणारे, पायांत लुडबुडणारे शेकडो ससे. सशांना रस्त्यावर खाऊ घालू नये, सायकलींखाली येतात. हे ससे विषारी वायूच्या प्रयोगांतल्या सशांचे वंशज, असं सांगितलं जातं, त्याला आधार नाही.

वायूचा कारखाना मात्र खरा. १९२९ ते १९४५ जपानी सैन्याने इथे मस्टर्ड, लुइसाइट असे वायू बनवले आणि चीनमध्ये वापरले. बेट नकाशांवरून पुसलं होतं. जवळच्या शाळांतली मुलंही कामाला होती. त्यांना आणि कामगारांना जन्माचा खोकला जडला. १९८८ मध्ये उघडलेलं वायूचं संग्रहालय दोन खोल्यांचं आहे, तिकीट १५० येन. रबरी पोशाख, मुखवटे, चिनी मातीची उपकरणं. पोशाख नीट बघा, वायू त्याच्या फटींतून आत जाई. बाहेर वीजघराची रिकामी इमारत, आत जायला बंदी. डोंगराच्या पोटात टाक्यांचे काळवंडलेले कोनाडे, साठा नष्ट करताना लावलेल्या आगीने काळे पडलेले.

हिरोशिमाच्या उद्यानात दिवसभर माणसांची रीघ, इथल्या दोन खोल्यांत मात्र दुपारी तुरळक माणसं. बोटीचं परतीचं वेळापत्रक धक्क्यावर लावलेलं असतं, शेवटची बोट लवकर सुटते. जमिनीत आर्सेनिक सापडल्यामुळे बेटावरचं भूजल पीत नाहीत, पिण्याचं पाणी बाहेरून येतं. तादानोउमीलाच बाटली भरून घ्या.